लाळेचा अहवाल आणि मनगटाचा एक्स-रे: अकरा वर्षांच्या एका जिम्नॅस्टचं प्रकरण

या प्रकरणातल्या मुलीला मुक्ता म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला तिची आणि तिच्या आईवडिलांची हरकत नाही. मी खेळाडूंसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी जिम्नॅस्टिकचा एक हॉल आहे, तिथे आठवड्यातून दोनदा माझी फेरी असते. जनुकांचा खेळावर किती परिणाम होतो, हा प्रश्न एरवी पुस्तकात राहतो. इथे तो एका डीएनए अहवालाच्या रूपाने, स्पायरल बाइंडिंग करून हॉलमध्ये आला आणि त्यावर थोड्या दिवसांत काहीतरी ठरवणं भाग होतं.

पार्श्वभूमी

मुक्ता सहाव्या वर्षी व्यायामशाळेत आली ती मल्लखांबासाठी. दोरीवरचं तिचं अंग बघून सरांनी वर्षभरात तिला आर्टिस्टिक जिम्नॅस्टिकमध्ये, म्हणजे फ्लोअर, व्हॉल्ट, बार आणि बीमवरच्या कसरतींमध्ये घेतलं. आपल्याकडे ही वाट जुनीच आहे, खुद्द सरही त्याच वाटेने आलेले. दहाव्या वर्षापर्यंत जिल्हा, विभाग करत ती राज्यस्तरावर पोचली आणि फ्लोअरला पदक घेऊन आली. आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन तास सराव. वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर, आई शिक्षिका, घरात आजी आणि धाकटा भाऊ.

अकरावं लागलं आणि गाडं अडायला लागलं. बारवरची कीप, म्हणजे लटकलेल्या अंगाला झोका देऊन बारवर चढणं, जी हातचा मळ होती, ती सुटायला लागली. व्हॉल्टवर, धावत येऊन टेबलावर हात टेकवून उडी घेताना, उंची मिळेना. बीमच्या अरुंद पट्टीवर फ्लिक, म्हणजे हातांवरून मागे उलटी उडी, करताना ती उजवा हात किंचित उशिरा टेकवायची. सरांचं मत पडलं की मुलीचं लक्ष नाही. आईला वाटलं, सहावीचा अभ्यास वाढलाय. वडिलांचा स्वभाव कारण शोधून काढायचा. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी ऑनलाइन एक डीएनए चाचणी मागवली. नळीत लाळ भरायची, कुरिअरने पाठवायची, काही आठवड्यांनी मेलवर अहवाल येतो.

अहवाल देखणा होता. रंगीत चकत्या, हिरव्या-लाल पट्ट्या, आणि पहिल्याच पानावर निष्कर्ष: ‘एंड्युरन्स प्रकार’. अनुकूल खेळ म्हणून लांब पल्ल्याची धाव, सायकलिंग, पोहणं. स्प्रिंट, उड्या आणि जिम्नॅस्टिक ‘कमी अनुकूल’च्या रकान्यात. शेवटच्या पानावर ‘सांधे व लिगामेंटच्या (हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांच्या) दुखापतीचा धोका: जास्त’. वडिलांनी त्याची प्रिंट काढून आणली आणि सरांसमोर ठेवली.

प्रश्न नेमका कोणता

त्या संध्याकाळी हॉलच्या ऑफिसात बसलेल्या प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता. वडिलांचा प्रश्न: पोरीची पाच वर्षं चुकीच्या खेळात गेली का? सरांना शालेय स्पर्धांची निवडचाचणी दिसत होती, अडीच महिन्यांवर आलेली. आईला धास्ती होती ती उंचीची. मुक्ता भराभर वाढत होती, आणि उंच मुलीचं जिम्नॅस्टिकमध्ये काही खरं नाही असं तिने ऐकलं होतं. आजीचं म्हणणं बरोबर उलटं: ‘उलट्यापालट्या उड्या मारून पोर खुंटेल.’ एकाच घरात उंची वाढेल ही भीती आणि वाढणार नाही ही भीती, दोन्ही नांदत होत्या.

मुक्ताला तोवर कोणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मनगट दुखतं. कधीपासून? ‘दिवाळीच्या आधीपासून.’ तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. सरांना सांगितलं नाही, कारण सर म्हणतील टेप लाव आणि कर. घरी सांगितलं नाही, कारण बाबा क्लास बंद करतील.

मग कागदावर तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: अहवाल, वाढ आणि मनगट. घरच्यांच्या लेखी अहवाल सगळ्यांत मोठा होता. माझ्या लेखी मनगट. पण अहवालाचा विषय मिटल्याशिवाय वडील दुसरं काही ऐकणार नव्हते, त्यामुळे सुरुवात तिथूनच केली.

अहवाल वाचताना

निष्कर्षाचा सगळा डोलारा मुख्यतः एका जनुकावर उभा होता, एसीटीएन३. हे जनुक अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रथिन बनवतं. स्नायूंमधले जे तंतू झटक्यात जोर लावतात, त्या वेगवान तंतूंमध्येच हे प्रथिन असतं. जनुकाचा ‘आर’ हा प्रकार काम करतो. ‘एक्स’ प्रकारात प्रथिन बनण्याचं काम मध्येच थांबतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती आपल्याला मिळतात. दोन्ही एक्स आल्या तर हे प्रथिन शरीरात तयारच होत नाही. मुक्ता एक्सएक्स होती.

हा आजार नाही. जगात शंभर कोटींहून अधिक माणसं अशी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की वेग आणि ताकदीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंमध्ये एक्सएक्सचं प्रमाण सामान्य लोकांपेक्षा बरंच कमी असतं. तेव्हापासून या जनुकाला ‘वेगाचं जनुक’ असं नाव पडलं, आणि लाळेच्या नळ्या विकणाऱ्यांनी तेच उचललं. पुढचं त्यांच्या जाहिरातीत नसतं. माणसामाणसांच्या स्नायूंच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला या जनुकाचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के धरला जातो. ऑलिंपिक दर्जाचा एक स्पॅनिश लांबउडीपटू एक्सएक्स असल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात आहे. लांबउडीत वेगवान तंतूंशिवाय दुसरं असतं काय?

वडील इंजिनिअर. त्यांना युक्तिवादापेक्षा मोजमाप पटेल असं वाटलं. गटातल्या आठ मुलींना भिंतीजवळ उभं केलं, बोटांना चॉक लावला. टाचा टेकवून हात वर करून एक खूण, मग जागच्या जागी उडी मारून दुसरी. मुक्ताच्या दोन खुणांमधलं अंतर भरलं ३६ सेंटिमीटर, गटात दुसरं. वडिलांनी टेप स्वतः धरली होती. अहवाल ज्या गोष्टीचा अंदाज बांधत होता ती गोष्ट भिंतीवर मोजता येत होती. अंदाज आणि मोजमाप जुळत नसेल तर कारखान्यात काय मानतात, हे त्यांना माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती.

तरी त्यांनी एक चांगला प्रश्न विचारला. २००७ साली ब्रिटनमधल्या जुळ्या स्त्रियांच्या अभ्यासात खेळाडू होण्यामागे जनुकांचा वाटा ६६ टक्के निघाला, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मग जनुकं बघायची नाहीत तर काय बघायचं? आकडा खरा आहे. पण तो एका समाजातल्या माणसांमधल्या फरकांबद्दल बोलतो. मुक्तातले ६६ टक्के जनुकांचे आणि उरलेले ३४ सरांचे, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय तो वाटा एकदोन जनुकांत साठवलेला नसतो, हजारो ठिकाणी तुकड्यातुकड्याने विखुरलेला असतो. त्यातले दोनचार तुकडे तपासून खेळ निवडता येत नाही. २०१५ साली या विषयातल्या तज्ज्ञांच्या गटाने ब्रिटिश क्रीडावैद्यक नियतकालिकात एकमताने हेच लिहिलं: गुणी मुलं हेरायला किंवा मुलांचा सराव ठरवायला अशा थेट विकल्या जाणाऱ्या चाचण्या वापरू नयेत.

सरांनी मात्र या चर्चेत दीपाला आणलं. भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिचे तळपाय सपाट होते. जिम्नॅस्टिकला, विशेषतः व्हॉल्टला, सपाट तळवा म्हणजे अडचणच. तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी सरांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती व्हॉल्टला १५.०६६ गुणांसह चौथी आली, कांस्यपदकापासून ०.१५ गुणांवर. सरांचा मुद्दा खरा. पण एका दीपाच्या जोरावर शरीर काहीच ठरवत नाही असं म्हणणं, हेही अहवालाइतकंच एकांगी. शरीर ठरवतं, आणि जिम्नॅस्टिकमध्ये बऱ्यापैकी ठरवतं. फक्त ते बघायला लाळ लागत नाही.

उंची: जनुकांचा खरा हात इथे

जिम्नॅस्टिकमध्ये वारशाने मिळालेली कोणती गोष्ट सगळ्यांत जास्त बोलते, तर उंची. माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकात जनुकांचा वाटा सुमारे ८० टक्के धरला जातो. २०२२ साली ५० लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला, त्यात उंचीशी जोडलेली जनुकीय ठिकाणं १२ हजारांवर सापडली. एवढ्या ठिकाणांची बेरीज घरबसल्या करायचा उपाय जुना आणि फुकट आहे: आईवडिलांची उंची मोजा.

वडील १७८ सेंटिमीटर, आई १६४. मुलीसाठी वडिलांच्या उंचीतून १३ वजा करायचे, आईची मिळवायची, दोनाने भागायचं: १६४.५. त्यात साडेआठ इकडे किंवा साडेआठ तिकडे. म्हणजे मुक्ता मोठेपणी १५६ ते १७३ च्या दरम्यान कुठेतरी. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स १४२ सेंटिमीटर आहे. त्या रांगेत मुक्ता बसणार नव्हती, आणि हे ती सहा वर्षांची असताना आईवडिलांना दारात उभं करूनही कळलं असतं.

उंचीने बिघडतं काय, ते गणितात स्वच्छ दिसतं. मुक्ता पावणेदोन वर्षांत १३५ वरून १४८ वर गेली होती, म्हणजे जवळपास दहा टक्के वाढ. अंगाची ठेवण तीच ठेवून शरीर दहा टक्के लांब झालं, तर वजन सुमारे ३३ टक्के वाढतं. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीच्या क्षेत्रफळावर चालते, ती वाढते फक्त २१ टक्के. आणि हवेत अंग फिरवायला जो विरोध होतो, भौतिकशास्त्रातलं जडत्व आघूर्ण, तो वाढतो ६१ टक्के. वाढत्या मुली सगळीकडून सारख्या वाढत नाहीत, आधी पाय लांब होतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे हलतात. पण दिशा हीच. मुक्ताची कीप लक्ष नसल्यामुळे सुटत नव्हती. तिला रोज आदल्या महिन्यापेक्षा लांब आणि जड शरीर बारवर चढवावं लागत होतं, तेही जवळजवळ जुन्याच ताकदीवर. हे गणित मी पांढऱ्या फळ्यावर मांडलं तेव्हा सर बराच वेळ फळ्याकडे बघत होते. नंतर म्हणाले, ‘म्हणजे मी वर्षभर तिला उगीच बोलतोय.’

आजीच्या भीतीचं उत्तरही इथेच दिलं. जिम्नॅस्ट बुटक्या असतात म्हणून जिम्नॅस्टिकने उंची खुंटते, असा समज जगभर आहे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक महासंघाच्या शास्त्रीय समितीने नेमलेल्या तज्ज्ञांनी उपलब्ध अभ्यास तपासून २०१३ साली निष्कर्ष दिला की कसून केलेल्या सरावाने मोठेपणची उंची कमी होते असं दिसत नाही. बुटक्या, उशिरा वयात येणाऱ्या मुली या खेळात टिकतात आणि बाकीच्या गळतात, म्हणून वर बुटक्याच दिसतात. यात एक अट मात्र माझ्याकडून: पोट भरलेलं हवं. खाणं तोडून वजन धरून ठेवायचा प्रयत्न झाला, तर पाळी आणि हाडं दोन्हींवर त्याचे परिणाम होतात. आजींना हे शेवटचं फार पटलं. त्या दिवसापासून डब्यात लाडू वाढले.

उंच मुलींचं काय होतं, याची उदाहरणंही समोर ठेवली. रशियाची जिम्नॅस्ट स्वेतलाना खोरकिना १६५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मुक्ताच्या अंदाजाच्या अगदी जवळ. १९९६ आणि २००० अशा दोन ऑलिंपिकमध्ये तिने अनइव्हन बार्सचं सुवर्ण घेतलं आणि तीनदा सर्वसाधारण, म्हणजे सगळ्या साधनांची मिळून, जागतिक विजेती झाली. स्वतःच्या लांबीला साजेशा कसरती तिने बसवल्या. रशियाचीच येलेना इसिनबायेवा पंधराव्या वर्षापर्यंत जिम्नॅस्ट होती, उंची वाढल्यामुळे तिथून बाहेर पडली आणि बांबूउडीत दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि ५.०६ मीटरचा विश्वविक्रम करून बसली. मुक्ताने दुसरं उदाहरण लक्ष देऊन ऐकलं, आईने पहिलं.

लवचिकता: देणगी आणि जोखीम

सांधे किती सैल आहेत हे बघायला बायटन स्कोअर नावाची नऊ गुणांची साधी तपासणी आहे. अंगठा मनगटाकडे वाकवून कोपराखालच्या हाताला टेकतो का, करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात का, आणि गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकतात का. मुक्ताला सात गुण. वयात न आलेल्या मुलांत सहा किंवा जास्त गुण म्हणजे सांधे सर्वसाधारणपेक्षा सैल. मी तपासत असताना आईने सहज स्वतःचा अंगठा वाकवून दाखवला, तोही टेकला. आईच्या भावाचा खांदा कॉलेजात दोनदा निखळलेला. वारसा बघायचा तर तो असा, घरच्यांशी बोलताना दिसतो.

जिम्नॅस्टिकमध्ये अशी मुलगी लहानपणी उठून दिसते, स्प्लिट आणि ब्रिज तिला न शिकवता येतात. पण सैल सांध्याला आवरून धरणारे स्नायू नसले की भार लिगामेंटवर आणि हाडांच्या टोकांवर येतो. अहवालातला ‘लिगामेंटचा धोका’ कोलाजेन या लिगामेंटला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाच्या एका जनुकातल्या एका बदलावरून काढलेला होता. अतिलवचिकतेचा जो प्रकार जास्त आढळतो, त्याला जबाबदार असं एक जनुक अजून हाती लागलेलं नाही, तेव्हा त्या ओळीला तसा आधार नव्हता. आईचा अंगठा आणि मामाचा खांदा यांतून जास्त कळलं.

इथे एक फाटा मात्र गंभीरपणे तपासावा लागतो. उंच, लांब हातापायाचं, सैल सांध्यांचं मूल असेल तर मार्फान सिंड्रोम या जनुकीय आजाराचा विचार करायचा. त्यात महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, रुंदावते आणि खेळताना जीव जाऊ शकतो. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ साली जपानमध्ये सामन्यादरम्यान अशीच गेली. मुक्ताच्या हातांचा पसारा १४९ सेंटिमीटर, उंचीशी गुणोत्तर एकाच्या जवळ. डोळे, छातीचा पिंजरा, त्वचा ठीक. कुटुंबात अचानक मृत्यू नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासून जनुकीय चाचणीची गरज नाही असं लिहून दिलं. जनुकीय चाचणीचं काम असलंच तर ते अशा ठिकाणी, लक्षणं दिसल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि समुपदेशनासह.

मनगट

एक्स-रेत उजव्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून लांब होतं ती कूर्चेची पट्टी, रुंद आणि कडांना अस्पष्ट दिसली. वाढत्या जिम्नॅस्टमध्ये हा ओळखीचा त्रास आहे. या खेळात हात हेच पाय होतात. फ्लिक आणि व्हॉल्टमध्ये मनगटावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो, आणि वाढीच्या ऐन काळात ही पट्टी सगळ्यांत कच्ची असते. दुर्लक्ष झालं तर ती वेळेआधी बंद होऊ शकते आणि शेजारचं हाड लांब राहून मनगट कायमचं दुखतं. दिवाळी ते संक्रांत असे तीन महिने ती त्या हातावर उड्या मारत होती.

समोरचे पर्याय

पहिला वडिलांचा: जिम्नॅस्टिक बंद, पोहणं सुरू. मनगटाला आराम मिळाला असता, पण कारण चुकीचं होतं. चुकीच्या कारणाने घेतलेला निर्णय पुढे पोरीच्या मनात ‘माझ्या रक्तातच नाही’ असा बसतो, याची मला जास्त काळजी होती.

दुसरा सरांचा, पट्टी बांधून निवडचाचणीपर्यंत ढकलायचं. एक्स-रे बघितल्यावर त्यांनीच तो मागे घेतला.

तिसरा रिदमिक जिम्नॅस्टिक. हूप, बॉल, क्लब्ज, रिबन. लांब अंग आणि लवचिकता तिथे शोभते, हातावरचा भार बराच कमी. आईला हा पर्याय मनापासून आवडला. अडचण दोन: साधनं हाताळायचं कसब लहानपणापासून घडवावं लागतं, आणि सात बायटन गुणांची कंबर त्या टोकाच्या वाकण्यात आणखी ताणली जाते. वरवर जुळणारा पर्याय, पण सुरक्षित आहेच असं नाही.

चौथा, आर्टिस्टिकमध्येच राहायचं, पण हातावरचा भार थांबवायचा, वाढीचा काळ जाऊ द्यायचा आणि मग बघायचं. यात निवडचाचणी हुकणार हे नक्की होतं, आणि पुढे काय हे नक्की नव्हतं.

निर्णय आणि कृती

बोलणी दोन संध्याकाळी चालली. वळण कुठे आलं ते सांगते. मुक्ताला ऑफिसात बोलावून चारही पर्याय तिच्यासमोर ठेवले. तिने विचारलं, ‘चौथ्यात बार परत मिळेल का?’ सर म्हणाले, हात बरा झाला तर मिळेल. ‘मग चौथा.’ वडिलांनी अट घातली, एका वर्षाने फेरविचार. ती सगळ्यांनी मान्य केली.

सहा आठवडे हातावर शून्य भार. हँडस्टँड नाही, बार नाही, फ्लिक नाही. हॉलमध्ये यायचं मात्र रोज. घरी बसवलेली मुलगी परत येत नाही, हा सरांचा अनुभव. त्या काळात पायांची ताकद, उड्या, बीमवर चालणं आणि नृत्याच्या हालचाली, खांदा आणि पोटाच्या स्नायूंचं काम. ताणायचे व्यायाम मी जवळजवळ बंद केले. तिला लवचिकता कमी नव्हती, आवर कमी होता. भिंतीवर उंचीची पट्टी चिकटवली, दर महिन्याला मोजायचं. महिन्याला सात-आठ मिलिमीटरवर वाढ गेली की नवी कसरत शिकवायची नाही, असं ठरलं.

तिसऱ्या महिन्याचा एक्स-रे सुधारलेला आला. मग आधी मऊ गादीवर हात टेकवणं, मग बारवर लटकणं, कारण लटकण्यात मनगट दाबलं जात नाही, ताणलं जातं. सगळ्यांत शेवटी फ्लिक आणि व्हॉल्ट. बारमधलं अंतर सरांनी तिच्या लांबीप्रमाणे वाढवून दिलं.

परिणाम

आज मुक्ता साडेतेरा वर्षांची, १६१ सेंटिमीटर. मनगट दुखत नाही. निवडचाचणी हुकली, पुढच्या वर्षीही ती राज्याच्या संघात आली नाही. व्हॉल्टवर तिची कसरत अजून सोपीच आहे आणि तिथे गुण जातात. बारवर मात्र तिची लांबी शोभून दिसते, विभागात तिथे ती पहिल्या तिघींत असते. सर्वसाधारण क्रमवारीत मधोमध. सरांना अजून वाटतं की आणखी चार सेंटिमीटर कमी असती तर ही मुलगी राष्ट्रीय पदकाची होती. कदाचित. वडिलांनी ठरल्याप्रमाणे वर्षाने फेरविचार केला; तेव्हा मुक्ताने बांबूउडीचं मैदान बघायचं म्हणून सांगितलं. दोनदा जाऊन आली. अजून काही ठरलेलं नाही, आणि घाईही कोणी करत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत महाग पडले ते मनगटाचे तीन महिने. हॉलमध्ये ‘दुखतंय का’ हा प्रश्न नेमाने विचारला जात नव्हता, आणि दुखणं सांगितल्यावर सराव बंद होणार हे मुलींना माहीत असल्यामुळे त्या बोलतच नव्हत्या. आता दर सोमवारी प्रत्येकीने मनगट, कंबर, टाच यांना शून्य ते दहा गुण द्यायचे आणि चार किंवा जास्त आले तर सराव बदलायचा, बंद करायचा नाही, असा नियम आहे. ‘बदलायचा’ हा शब्द घातल्यावरच खरे आकडे यायला लागले.

आईवडिलांची उंची प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यायला हवी होती. मुलगी निवडायला किंवा नाकारायला नाही. तिची झपाट्याची वाढ कधी येईल आणि कोणत्या साधनावर जोर द्यावा, याचा अंदाज दोन-तीन वर्षं आधी मिळाला असता.

रिदमिकचा पर्याय आम्ही जरा लवकर मिटवला, असं आता वाटतं. सहा आठवड्यांच्या रिकाम्या काळात आठवड्यातून एक तास क्लब्ज आणि बॉल देऊन बघता आलं असतं, कंबरेला जपून. तिला आवडलं असतं की नाही हे तिलाच कळलं असतं.

डीएनए चाचणीबाबत दोन गोष्टी. अकरा वर्षांच्या मुलीची लाळ पाठवताना तिला ‘सर्दीची तपासणी’ असं सांगितलं होतं. तिने ते नंतर माझ्याजवळ रागाने बोलून दाखवलं, आणि वडिलांनी तिची माफी मागितली. दुसरं, नमुना आणि माहिती किती काळ, कोणाकडे राहणार हे करारात बारीक अक्षरात होतं. वडिलांनी नमुना नष्ट करायचा अर्ज पाठवला आहे, लेखी उत्तर अजून आलेलं नाही. धाकट्या भावाची नळी आधीच मागवलेली होती, ती न उघडता परत गेली.

उंचीची नोंदवही सध्या मोठ्या गटातली एक मुलगी सांभाळते. वार्षिक परीक्षेच्या महिन्यांत नोंदी राहून जातात, म्हणून जूनच्या पालकसभेत त्या काळात उंची घरीच मोजून व्हॉट्सॲपवर पाठवायचं ठरलं आहे.